मोतिया की मोरपंखी: एका खोलीचं प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा भांडणाचा तिसरा दिवस होता. "तू नुसता ये आणि कुठला रंग चांगला ते सांग," ती म्हणाली. मागून दाजी ओरडले, "आधी त्याला खोली केवढी आहे ते सांग!" रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीनवर, म्हणजे हवी ती छटा मिसळून देणाऱ्या यंत्रावर, मी नऊ वर्षं काढली, त्यामुळे नात्यात कुठेही भिंत खरवडायला घेतली की मला बोलावणं येतं. बहुतेक वेळा लोकांचं आधीच ठरलेलं असतं, त्यांना माझा फक्त शिक्का हवा असतो. इथे तसं नव्हतं. टेबलावर दोन शेडकार्डं पडली होती, दोन्हींचे कोपरे हाताळून मऊ झाले होते, आणि दोघांपैकी कुणीच मागे हटायला तयार नव्हतं.

ताईला हवा होता मोरपंखी, निळ्या आणि हिरव्याच्या मधला, खोल. दाजींना मोतिया, पांढऱ्यात चिमूटभर पिवळा. कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरात एलआरव्ही नावाचा आकडा असतो. अंगावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा किती तो रंग परत फेकतो, ते त्यावरून कळतं. मोतियाचा आकडा ७४, मोरपंखीचा ९. एकाच खोलीसाठी याहून लांबचे दोन रंग समोर येणं विरळाच.

दाजींचं म्हणणं, फिकट रंगात धोका नसतो आणि गडद रंगाने खोली लहान दिसते. ताईचं म्हणणं, फिकट रंग म्हणजे काहीच न ठरवणं. "अकरा वर्षं तो गुलाबी सहन केलाय मी," हे ती माझ्यासमोर तीनदा म्हणाली.

खोली आणि माणसं

खोली १२ फूट बाय ११ फूट, उंची साडेनऊ. पूर्वेच्या भिंतीला एकच खिडकी, पाच बाय चार, आणि खिडकीबाहेर हात लांब केला तर पानं लागतील इतक्या जवळ एक मोठं झाड. पश्चिमेला दार आणि लालसर लाकडाचं कपाट. उत्तरेच्या भिंतीला ताईचं टेबल, दक्षिणेच्या भिंतीला पलंगाची उशाकडची बाजू. छत पांढरं, फरशी फिकट राखाडी. छताखाली एक २० वॅटची एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची.

कार्डांकडे न बघता मी पहिला प्रश्न विचारला तो या खोलीत कोण, किती वाजता, जागं असतं याचा. हा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. उत्तर असं निघालं: दाजींची आई, म्हणजे काकू, रोज दुपारी एक ते चार खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसतात. ताई रात्री आठ ते अकरा टेबलापाशी पेपर तपासते. दाजी सकाळी उठून निघतात आणि रात्री झोपायला येतात. ज्याचं मत सगळ्यात ठाम तो माणूस त्या खोलीत सगळ्यात कमी जागा असतो, हे मी आजवर इतक्या घरांत पाहिलंय की आता हसूही येत नाही.

काकूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. त्या वेळी मी ती फक्त ऐकून घेतली.

भिंतीवरचे दोन चौकोन

मी पोचायच्या आधीच रंगाऱ्याने त्या जुन्या गुलाबी भिंतीवर दोन्ही रंगांचे फूटभराचे चौकोन शेजारी शेजारी मारून ठेवले होते. सगळे असंच करतात. ताईने मोतियाकडे बोट दाखवलं, "हा आजारी दिसतोय." दाजी मोरपंखीकडे बघून म्हणाले, "आणि ही विहीर." मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, पण ते बोलत होते त्या चौकोनांबद्दल. खोलीबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं.

फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तक्रार आली होती की निळ्या-जांभळ्याच्या छटेसाठी वापरायचा काळा धागा फिका निघतो. त्यांनी तपासलं, तर काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारचा निळा त्या काळ्याला फिका पाडत होता. एक रंग दुसऱ्याशेजारी आला की डोळा दोघांमधला फरक ताणून मोठा करतो आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. १८३९ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं, आणि आपण अजून भिंतीवर चौकोन शेजारी शेजारीच मारतो.

आमच्या भिंतीवर हे दोन बाजूंनी घडत होतं. भोवतालचा गुलाबी मोतियाला हिरवटाकडे ढकलत होता, त्यातून तो आजारी दिसत होता. मोरपंखी गुलाबीच्या जवळजवळ समोरचा रंग, म्हणून तो नको इतका उठून आला होता. शिवाय दोघे एकमेकांना चिकटून असल्याने फिकट आणखी फिकट आणि गडद आणखी गडद. भिंतीवर एक रंग लागल्यावर दुसरा तिथे नसणारच, मग निवड मात्र दोघांच्या शेजारावरून करायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. चौकोन मारून वीस मिनिटंही झाली नव्हती. पाण्यातलं इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं, कारण त्यातले चिकट द्रवाचे बारीक थेंब उजेड विखुरतात. वाळलं की ते थेंब एकजीव होतात, पारदर्शक होतात आणि रंग खोल जातो. ताईला आवडलेला मोरपंखी ओला होता. दोन तासांनी तो एक पायरी उतरला, तेव्हा ताई थोडी गप्प झाली.

फळ्या

मी पातळ प्लायचे चार तुकडे मागवले, प्रत्येकी चार बाय तीन फूट. चारींवर पांढरा प्रायमर, मग दोनांवर मोतियाचे दोन हात आणि दोनांवर मोरपंखीचे तीन. एका रंगाच्या दोन फळ्या का, तर त्या कोपऱ्यात काटकोनात उभ्या करायच्या म्हणून. भिंतीचा रंग भिंतीवर एकटा नसतो, समोरच्या आणि बाजूच्या भिंतीवरून उसळून आलेला उजेडही त्याच्यावर पडत असतो. सपाट तुकड्यावर हे कळत नाही, कोपऱ्यात कळतं.

फिकट रंगाच्या बाबतीत तर हे फारच खरं. समजा एखादा मोतिया लाल उजेडातला ८० टक्के, हिरव्यातला ७६ आणि निळ्यातला ६२ टक्के परत फेकतो. एका उसळीनंतर हा फरक सौम्यच. पण तोच उजेड तीन भिंतींवर आपटून आला तर लाल ५१ टक्के उरतो, हिरवा ४४ आणि निळा फक्त २४. म्हणजे कार्डावरची चिमूटभर पिवळी झाक चार भिंतींच्या खोलीत मूठभर होते. "कार्डावर पांढरा वाटला, घरात पिवळा झाला, तुम्ही चुकीचा डबा दिलात," असं म्हणत दुकानात परत येणारी माणसं मी मोजायची सोडली होती. डबा बरोबर असायचा.

जुन्या गुलाबीवर पांढऱ्या चादरी टांगल्या. नियम एकच केला: दोन्ही रंग एका वेळी खोलीत असता कामा नयेत. एक दिवस मोतिया, दुसऱ्या दिवशी मोरपंखी, मग पुन्हा मोतिया, पुन्हा मोरपंखी. दुसऱ्या रंगाच्या फळ्या जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून. वेळा चार ठरवल्या: सकाळी आठ, दुपारी तीन, दिवे लावायच्या आधीची कातरवेळ आणि रात्री नऊ. ज्याने त्याने कागदावर एक शब्द लिहायचा, दुसऱ्याचा न वाचता.

दाजींचा मोतिया सकाळी आठला खरोखर सुंदर होता. पूर्वेचं कोवळं ऊन झाडातून गाळून येत होतं आणि फळी आतून उजळल्यासारखी दिसत होती. दाजी ही खोली उजेडात पाहतात ती एवढीच, त्यामुळे त्यांचं मत कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. दुपारी तीनला तीच फळी हिरवट झाली होती. चादरी पांढऱ्या, शेजारी गुलाबी नाही, मग हिरवट का? मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. सूर्य घराच्या डोक्यावरून पश्चिमेकडे कलला होता आणि झाडाची आपल्याकडची बाजू उन्हाने न्हाऊन निघाली होती. खोलीत येत होता तो अर्धा आकाशाचा उजेड आणि अर्धा पानांवरून उसळलेला. मोतियाने तो जसाच्या तसा अंगावर घेतला. काकूंच्या कागदावर शब्द होता: "शेवाळ".

आणि हे नेमकं त्यांच्याच वाचनाच्या वेळात.

फिकट रंग सुरक्षित असतो ही समजूत इथे पार उलटली. फिकट रंगाला स्वतःचं म्हणणं थोडं असतं. समोर जे येईल त्याची झाक तो घेतो, मग झाड असो, फरशी असो की शेजारच्या घराची विटकरी भिंत. मोरपंखी त्या मानाने हट्टी. दुपारी तीनला तो थोडा हिरव्याकडे सरकला एवढंच, कुणाच्याही कागदावर तक्रार नव्हती. त्याची तक्रार वेगळी होती: फळीच्या आजूबाजूची जागा मंदावल्यासारखी दिसत होती.

कातरवेळी मात्र त्याने सगळ्यांना गप्प केलं. दिवा लावला नव्हता. लालसर कपाट काळंठिक्कर पडलं होतं, त्याची कडी शोधावी लागत होती, आणि कोपऱ्यातला मोरपंखी कपाटाच्या मानाने उजळ दिसत होता, जणू त्याच्या मागे कुणी मंद दिवा ठेवलाय. ही जादू नाही. झेक शास्त्रज्ञ यान पुरकिन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहाटेच्या उजेडात फुलं बघताना हेच टिपलं: दिवसा झळकणारी तांबडी फुलं अंधूक उजेडात काळवंडतात आणि निळी-हिरवी वर येतात. भर उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो. उजेड पुरता उतरला की डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी काम हाती घेतात आणि त्यांचा कल ५०७ च्या आसपास, निळसर हिरव्याकडे असतो. मोरपंखी बरोबर त्या वाटेवर बसतो. दाजींनी त्या वेळी कागदावर काही लिहिलंच नाही. "उद्या लिहितो" म्हणाले.

रात्री नऊला ट्यूबखाली मोतिया दवाखान्याच्या भिंतीसारखा झाला. ट्यूब बंद करून मी २७०० केल्विनचा पिवळा बल्ब लावला, तेव्हा तो उबदार झाला खरा, पण इतका पिवळा की ताई म्हणाली, "आता हा मोतिया कुठे राहिला?" मोरपंखीचंही दिव्यावर अवलंबून होतंच: ट्यूबखाली थंड निळा, पिवळ्या बल्बखाली काळपट हिरवा, निळेपणाच गेलेला. ४००० केल्विनच्या आणि रंग नीट दाखवणाऱ्या, म्हणजे सीआरआय ९० च्या वर असलेल्या बल्बखाली तो कार्डाच्या सगळ्यात जवळ आला. दिवा न ठरवता रंग ठरवणं म्हणजे अर्धाच निर्णय, पण दुकानात रंग विचारणाऱ्या शंभरातल्या किती जणांना मी "घरात दिवा कुठला?" असं विचारलं असेल? मीही फार उशिरा शिकलो.

काकूंचे दोन डोळे

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू मोतियाच्या फळीसमोर बसून एक हात डोळ्यावर ठेवत होत्या, काढत होत्या, पुन्हा ठेवत होत्या. मला वाटलं डोळा दुखतोय.

"अरे, ह्या डोळ्याने हा पांढरा आहे," त्या उजव्याबद्दल म्हणाल्या. मग हात बदलला. "आणि ह्याने पिकल्या पानासारखा. तुम्ही नक्की कुठल्या रंगावर भांडताय?"

वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं. मोतीबिंदूत ते फारच होतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला कळत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ भिंग बसवलं की जग एकदम निळसर, लख्ख दिसतं, आणि दुसरा डोळा अजून जुनाच असेल तर दोन जगं शेजारी शेजारी. शेव्हरल यांची चाचणी काकू घरबसल्या करत होत्या.

मोरपंखीची फळी आणली. उजव्याने निळा. डाव्याने, त्यांच्या शब्दांत, "डबक्यातला हिरवा". फरक मोतियापेक्षा मोठा होता, कारण मोरपंखीचा सगळा जीव त्याच्या निळ्यात आणि तेच डावा डोळा खात होता. मी ताईला बाजूला घेऊन म्हणालो की काकूंचं मत उजव्या डोळ्याचं धर, डावाही लवकरच त्याच्यासारखा होणार आहे. तिने मान डोलावली, पण स्वतःच्या बाजूने निकाल लागतोय हे लपवणं तिला जमलं नाही.

काकूंच्या डोळ्यांनी दुसराही एक मुद्दा पुढे आणला. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली लहान होते, भिंग धूसर होतं. तेव्हा "खोली अंधारी होईल" ही दाजींची भीती चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती. ती मोजायला हवी होती.

हिशेब

खोलीची सगळी पृष्ठं धरून, म्हणजे भिंती, छत आणि फरशी, क्षेत्रफळ ७०१ चौरस फूट. दार, खिडकी आणि कपाट वजा जाता रंगवायची भिंत ३५४. छताचा परतावा, म्हणजे परत फेकला जाणारा उजेड, ८२ टक्के, फरशीचा ३५, लाकडाचा ३० आणि खिडकीचा १० धरला. चारही भिंती मोतिया केल्या तर सगळ्या खोलीचा सरासरी परतावा ६२ टक्के येतो, चारही मोरपंखी केल्या तर ३०.

हे ऐकून दाजी म्हणाले, "म्हणजे उजेड निम्मा." जवळजवळ तसंच, पण वाट वेगळी. उजेड भिंतींवर पुन्हा पुन्हा उसळत राहतो, त्या सगळ्या उसळ्यांची बेरीज १ ÷ (१ − परतावा) या हिशेबाने येते. मोतियात दिव्याच्या मूळ उजेडाची २.६६ पट होते, मोरपंखीत १.४२ पट. म्हणजे त्याच ट्यूबखाली मोतियाची खोली सरासरी १.९ पट उजळ. हा ढोबळ हिशेब आहे, खोलीला गोळा समजून केलेला, पण निर्णयाला पुरतो.

पण सरासरीत कुणी बसत नाही, माणूस खुर्चीत बसतो. काकूंची खुर्ची खिडकीपासून दोन फुटांवर. तिथे पुस्तकाच्या पानावर पडणारा उजेड बहुतेक थेट आकाशातून आणि झाडावरून येतो, भिंतींचा वाटा थोडा. भिंत गडद केल्याची किंमत द्यावी लागते ती खोलीच्या आतल्या बाजूला, कपाटापाशी. ताईचंही तेच, तिच्या पेपरांवर पडतो तो टेबलदिव्याचा उजेड. म्हणजे वाचणाऱ्या दोघींचं काम थेट उजेडावर चालतं आणि मोतियाचा फायदा मिळतो तो मुख्यतः खोलीच्या मध्यभागी, जिथे कुणी बसतच नाही.

इथे माझं मत मोरपंखीकडे झुकलं. सुरुवातीपासून झुकलं नव्हतं, हे सांगायला हवं. पहिल्या दिवशी मला विचारलं असतं तर मी मोतियाच म्हटलं असतं, सवयीने.

मधला मार्ग अर्थातच निघाला. रंगारीच म्हणाला, "एक भिंत गडद करा, तीन फिकट. सगळे करतात." मला ही युक्ती आवडत नाही. बहुतेक घरांत ती एक भिंत म्हणजे मिटलेल्या भांडणाची खूण असते, ती कुठली असावी याचा विचार कुणी केलेला नसतो. पलंगामागची भिंत गडद करायची म्हटली तर ताई टेबलाशी बसल्यावर ती तिच्या पाठीमागे जाणार आणि झोपल्यावर कुणालाच दिसणार नाही. आणि उरलेल्या तीन मोतिया भिंती दुपारी तीनला हिरव्या होणारच.

फळ्या फिरवताना एक जागा मात्र मोरपंखीला बिलकूल मानवली नाही: खिडकीची भिंत. बाहेरचा लख्ख चौकोन आणि त्याला लागून जवळजवळ काळी चौकट, बघताना डोळे बारीक होतात. त्या भिंतीवर आकाशाचा उजेड थेट पडत नाही, ती आधीच खोलीतली सगळ्यात अंधारी भिंत असते. ती फिकट असली की खिडकीचा झगझगाट मवाळ होतो. मग मी रंगाऱ्याची सूचनाच उलटी केली. खिडकीची एक भिंत फिकट, बाकी तीन मोरपंखी. सरासरी परतावा ३८ टक्के, म्हणजे १.६ पट. मोतियाच्या खोलीइतकाच उजेड हवा असेल तर दिवे १.६६ पट हवेत. ट्यूब साधारण २००० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) देत होती, तेव्हा ३३०० पाहिजेत. नऊ वॅटचे चार एलईडी बल्ब तेवढं सहज देतात. विजेच्या बिलावर काय फरक पडेल ते दाजींनी तिथेच तोंडी काढलं आणि हा मुद्दा सोडला.

खिडकीच्या भिंतीला मोतियाही नको म्हटलं. त्याऐवजी तेवढाच फिकट पण अबोलीकडे किंचित झुकणारा, एलआरव्ही ७०. पानांचा हिरवा त्यातल्या लालसर झाकेने मारला जातो आणि दुपारी तो साधा, तटस्थ दिसतो. दुपारी तीनला लहान फळी लावून पाहिली. काकूंचा शब्द: "भिंत". याहून चांगला शेरा मला मिळाला नसता.

काम

गडद रंग लावणं फिकटाइतकं सोपं नाही, आणि ते दुकानात कुणी सांगत नाही. फिकट रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात, टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, खालचं झाकण्याचं काम तेच करतं. खोल रंग बनवायला त्यात पांढरं चालत नाही, म्हणून गडद रंगांच्या डीप बेसमध्ये ते नावापुरतं असतं किंवा नसतंच. झाकायची ताकद कमी, म्हणून तीन हात, आणि खाली पांढऱ्याऐवजी राखाडी प्रायमर. पांढऱ्यावर मारलेला मोरपंखी दुसऱ्या हातालाही रोलरच्या पट्ट्या दाखवतो. २६० चौरस फुटांना तीन हात म्हणजे सुमारे सात लिटर. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून घेतले, कारण मशीन कितीही चोख असलं तरी दोन डब्यांत केसभर फरक राहतो, आणि गडद रंगात तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

चमक मॅटच ठेवली. खिडकीचा उजेड उत्तर-दक्षिणेच्या भिंतींवर घासून जातो, तिथे चमकदार गडद रंग भिंतीवरच्या लांबीतला (पुट्टीतला) प्रत्येक उंचवटा दाखवतो. मॅटची किंमत पुढे मोजावी लागली. ती आधीच सांगून ठेवली होती, म्हणून शिव्या कमी मिळाल्या.

सहा महिन्यांनी

दिव्याच्या बटणाभोवती हात घासून गुळगुळीत डाग पडलाय, तिरकं बघितलं की चमकतो. कपाटाच्या कडेला एक खिळा काढला होता, तिथे नंतर लावलेला रंगाचा ठिपका टिकलीसारखा उठून दिसतो, जरी डबा तोच असला तरी. पडदे दुकानाच्या दिव्यात भिंतीशी तंतोतंत जुळले होते, घरी दुपारी ते जांभळट दिसतात. रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात जुळलेली जोडी दुसऱ्यात तुटते. पडदे नेताना फळी सोबत ने आणि उन्हात धरून बघ, असं मी सांगितलं होतं. ताई म्हणते, सांगितलं नव्हतं.

खोली लहान दिसते का? दिवसा थोडी दिसते, दाजी चुकले नव्हते. रात्री कोपरे अंधारात विरतात आणि भिंत कुठे संपते तेच कळत नाही, तेव्हा लहान-मोठा हा प्रश्न पडत नाही. दाजी हल्ली दिवा लावायच्या आधी पाच मिनिटं खोलीत येऊन बसतात. का, ते विचारलं तर "मोबाईल चार्जिंगला लावतोय" म्हणतात.

काकू रंगकाम झाल्यापासून तिला "हिरवी खोली" म्हणायच्या. ताई "निळी" म्हणायची आणि दर वेळी दुरुस्त करायची. गेल्या महिन्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दुपारी एकला नेहमीसारख्या पुस्तक घेऊन आल्या, दारातच थांबल्या आणि तिन्ही भिंतींवरून नजर फिरवून म्हणाल्या, "मी दवाखान्यात होते तेवढ्यात रंग बदललात की काय?"